काच किती रंग धरते? मेथिलीन ब्लू घेऊन मोजायची पद्धत

एमएस्सीच्या प्रोजेक्टांचा हंगाम आला की आमच्या उपकरण खोलीच्या रजिस्टरमध्ये निरनिराळ्या अक्षरांत एकच नोंद दिसू लागते: मेथिलीन ब्लू, ६६४ नॅनोमीटर. म्हणजे एक निळा रंग, आणि तो सर्वांत जास्त शोषतो ती प्रकाशाची तरंगलांबी. कुणी हा रंग उसाच्या चिपाडावर बसवतंय, कुणी संत्र्याच्या सालीवर, कुणी करवंटीच्या कोळशावर. द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर माझ्या ताब्यात असल्यामुळे सगळ्यांचे आकडे माझ्या नजरेखालून जातात आणि सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारते. चिपाडाने किती रंग घेतला ते कळलं, पण तुमच्या फ्लास्कने किती घेतला?

मुलांना ही थट्टा वाटते. म्हणून मी त्यांना फळ्यावर हिशेब करायला लावते. मेथिलीन ब्लूचा रेणू काचेवर आडवा पडला तर साधारण १.३ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो. म्हणजे एका थरात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.१३ नॅनोमोल रंग मावतो. आता १ सेंटीमीटरची नेहमीची क्युवेट, म्हणजे द्रावण मोजायची चौकोनी कुपी, घ्या. तिच्यात ३ मिलीलीटर द्रावण भरलं की चार भिंती आणि तळ मिळून सुमारे १३ चौरस सेंटीमीटर काच भिजते. तिच्यावर पूर्ण थर बसला तर १.७ नॅनोमोल. आणि १ मायक्रोमोलर द्रावणाच्या ३ मिलीलीटरमध्ये मुळात रंग असतो किती? ३ नॅनोमोल! इतक्या विरळ द्रावणात थर पूर्ण भरत नाही हे खरं, पण निम्म्याचा निम्मा भरला तरी तुमचा आकडा गेलाच. १० मायक्रोमोलरला हेच नुकसान फार तर साडेपाच टक्के होतं, म्हणून तिथे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा या वेळी चिपाडं बाजूला ठेवू आणि काचेवरच प्रयोग करू. लागणारं सामान कुठल्याही महाविद्यालयात मिळतं.

काच रंग का धरते ते थोडक्यात सांगते. काचेच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना सिलॅनॉल म्हणतात. सिलिकाचा पृष्ठभाग पीएच २ ते ३ च्या आसपास विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. त्याच्या वर गेलं की सिलॅनॉलमधले प्रोटॉन सुटतात आणि काच ऋणभारित होते. मेथिलीन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट, ऱ्होडामीन ६जी हे धनभारित रंग, त्यामुळे ते काचेला चिकटतात. मिथिल ऑरेंज ऋणभारित, त्याला काच जवळपास उभंच करत नाही. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे पडताळणीला उपयोगी पडते.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात हाच येतो की स्लाइड रंगात बुडवावी, धुवावी, बीममध्ये उभी करावी आणि स्कॅन घ्यावा. करून बघा, हरकत नाही. पण आधी काय दिसणार ते काढून ठेवा. पाण्यात मेथिलीन ब्लूचा मोलर शोषण गुणांक (१ मोलर द्रावण १ सेंटीमीटर वाटेत किती शोषेल तो आकडा) ६६४ ला सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात येतो. हिशेबाला सत्तर हजार धरू. त्याला दर चौरस सेंटीमीटरच्या मोलने गुणा आणि लीटरचे घनसेंटीमीटर करण्यासाठी हजाराने गुणा. एका पूर्ण थराचा शोषणाचा आकडा म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स येतो ०.००९. स्लाइडच्या दोन्ही बाजू धरल्या तर ०.०१८. महाविद्यालयांतल्या बऱ्याच यंत्रांचा शून्य तासाभरात तेवढा इकडेतिकडे सरकतो. त्यात स्लाइड जरा तिरकी बसली, बोटाचा ठसा राहिला, तर संपलंच. डोळ्यांना मात्र ती स्लाइड पांढऱ्या कागदावर किंचित निळसर दिसते. म्हणून मुलं हटून बसतात, "मॅडम, दिसतंय तर खरं, मग स्कॅनवर शिखर का येत नाही?"

मोजता येईल एवढा रंग गोळा करायचा तर काचेचं क्षेत्रफळ वाढवायला हवं. त्यासाठी बारीक काचेचे मणी घ्या. ०.१ मिलीमीटर व्यासाचे भरीव मणी, काचेची घनता २.५ धरली, तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ २४० चौरस सेंटीमीटर भरतं. सूत्र सोपं आहे: सहाला घनता आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागायचं. दर ग्रॅमला पूर्ण थरात ३१ नॅनोमोल रंग बसतो. ५ मायक्रोमोलर द्रावणाच्या १० मिलीलीटरमध्ये ५० नॅनोमोल असतात. म्हणजे मण्यांनी घेतलेला हिस्सा यंत्राला व्यवस्थित दिसतो. डब्यावर व्यास आकड्यांच्या पट्ट्यात लिहिलेला असतो. तेवढ्यावर विसंबू नका. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी लावून पन्नास-शंभर मण्यांचे व्यास मोजा. सगळ्या निकालाचा भाजक हाच आहे.

धुणं

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. मणी साबणाच्या पाण्यात ढवळून नळाखाली भरपूर धुवा, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही तास ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्याने पीएच उदासीन येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. आम्ल हवंच, कारण साध्या सोडा-चुन्याच्या काचेतून सोडा पाण्यात उतरत राहतो. बारीक मण्यांचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे द्रावण हळूहळू अल्कधर्मी होतं. अल्कधर्मी पाण्यात मेथिलीन ब्लूचे मिथिल गट झडतात, अ‍ॅझुर बी तयार होतो आणि शिखर ६६४ वरून डावीकडे घसरतं. मग विद्यार्थी त्याला अधिशोषणाचा, म्हणजे पृष्ठभागावर रंग चिकटण्याचा, परिणाम समजून त्यावर दोन पानं लिहितो. शेवटच्या धुण्याचा पीएच मोजून वहीत लिहिला की हा घोटाळा होत नाही.

जुन्या प्रयोगशाळांत क्रोमिक आम्लाची बरणी अजून सापडते. ती नको. क्रोमियम विषारी तर आहेच, शिवाय ते काचेवर स्वतःच बसून राहतं, म्हणजे ज्या जागा मोजायच्या त्या आधीच अडलेल्या. संहत सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण पदवीच्या मुलांच्या हाती मी देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

स्लाइड किंवा बीकर स्वच्छ झाला का हे पाहायला यंत्र लागत नाही. पाण्यात बुडवून वर काढा. पाण्याचा सलग पातळ पडदा राहिला तर काच स्वच्छ. थेंब तुटून गोळा झाले तर तेल आहे, परत धुवा. मण्यांवर हे दिसत नाही, म्हणून त्यांच्याबरोबर त्याच पाण्यात एक स्लाइड टाका आणि ती तपासा.

द्रावण आणि भांडी

मेथिलीन ब्लूची पूड ओलावा धरते. बाटलीवर त्रिजलीय लिहिलं असेल तर रेणुभार ३७४, निर्जल असेल तर ३२०, आणि खरा माल बऱ्याचदा दोन्हींच्या मधला. म्हणून वजनावरून काढलेल्या संहतीवर फार भरवसा ठेवू नका. १ मिलिमोलरचा स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, करा, पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत ठेवा, बाटलीला फॉइल गुंडाळा. उजेडात हा रंग विरतो. स्टॉक चांगला ढवळून मगच पिपेट घाला, कारण तळाशी न विरघळलेले कण राहतात आणि एवढ्या गडद निळ्यात ते दिसत नाहीत.

सगळी विरलनं प्लास्टिकच्या नळ्यांत करा. मोजायला पॉलिस्टायरीन किंवा अ‍ॅक्रिलिकच्या टाकाऊ क्युवेट घ्या. अतिनील पट्ट्यात त्या फारशा चालत नाहीत, पण आपलं काम दृश्य पट्ट्यात आहे. प्लास्टिक रंग अजिबात धरत नाही असं मी म्हणत नाही. थोडाफार तेही धरतं, आणि त्याचा बंदोबस्त खाली सांगितला आहे. काचेचीच क्युवेट वापरायची असेल तर प्रत्येक नमुन्याआधी त्याच नमुन्याने दोनदा खंगाळा, आणि विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जा. उलटे गेलात तर मागच्या नमुन्याचा रंग भिंतींवरून सुटून पुढच्यात उतरतो. कामानंतर क्युवेट आम्ल घातलेल्या अल्कोहोलने धुवा. नुसत्या पाण्याने ती स्वच्छ दिसते, होत नाही.

यंत्र अर्धा तास आधी सुरू करा. ५०० ते ७५० पट्ट्याला टंगस्टन दिवा पुरतो, ड्युटेरियमचा दिवा बंद ठेवा. त्याचे तास मोजकेच असतात आणि नवीन दिव्याची खरेदी मंजूर व्हायला किती कागद फिरवावे लागतात ते मला विचारा.

मापनरेषा म्हणजे कॅलिब्रेशन १ ते १० मायक्रोमोलरमध्ये काढा. त्याच्या वर रेषा वाकू लागते, कारण दोन-दोन रेणू जोडीने राहू लागतात आणि जोडीचं शोषण ६१० च्या आसपास सरकतं. पुस्तकातला गुणांक तोंडपाठ असला तरी आपल्या यंत्रावर, आपल्या बाटलीचा, आपण काढलेला गुणांकच हिशेबात धरा. प्रत्येक वेळी नुसतं ६६४ ला बोट न ठेवता पूर्ण स्कॅन घ्या. विरळ द्रावणात ६६४ चं शिखर आणि डावीकडे साधारण निम्म्या उंचीचा खांदा दिसतो. खांद्याचं शिखराशी असलेलं गुणोत्तर प्रत्येक नमुन्यासाठी टिपून ठेवा.

प्रत्यक्ष प्रयोग

झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन नळ्या घ्या. प्रत्येकीत १ ग्रॅम कोरडे मणी आणि १० मिलीलीटर द्रावण. संहती १ पासून २० मायक्रोमोलरपर्यंत. प्रत्येक संहतीला एक जुळी नळी ठेवा: तेच द्रावण, तेवढंच, तेवढाच वेळ, पण मणी नाहीत. ही जुळी नळी म्हणजे या पद्धतीचा कणा आहे. मण्यांनी किती घेतलं हे बाटलीवर लिहिलेल्या संहतीतून वजा करून काढायचं नाही, जुळ्या नळीच्या अ‍ॅब्सॉर्बन्समधून वजा करायचं. नळीच्या भिंतीने खाल्लेला, पिपेटच्या टोकाने धरलेला, उजेडाने विरलेला रंग असा दोन्हीकडून सारखाच वजा होऊन जातो.

नळ्या अंधारात, एकाच तापमानाला, सावकाश फिरत्या ठेवा. जोरात हलवलं तर मणी एकमेकांवर घासून काचेची भुकटी होते, नवा पृष्ठभाग तयार होतो आणि तुमचा भाजक बदलतो. किती वेळ ठेवायचं हे मी सांगणार नाही. मधली एक संहती घेऊन दर काही मिनिटांनी वाचन घ्या, आकडा थांबला की त्याच्या दुप्पट वेळ सगळ्यांना द्या.

मग मणी खाली बसू द्या आणि वरचं द्रावण पिपेटने काढा. गाळू नका. फिल्टर कागद आणि सेल्युलोजचा पडदा हा रंग आनंदाने घेतात, काचतंतूंच्या फिल्टरचं तर नावच सांगतं. गढूळपणा वाटला तर सेंट्रिफ्यूज करा. तरीही बारीक भुकटी तरंगत राहिली तर ७५० ला अ‍ॅब्सॉर्बन्स पाहा. तिथे मेथिलीन ब्लू जवळपास काहीच शोषत नाही, जो आकडा येतो तो प्रकाश विखुरल्याचा. तो ६६४ च्या आकड्यातून वजा करा. विखुरणं लहान तरंगलांबीला जास्त असतं, त्यामुळे ही दुरुस्ती ढोबळ आहे. ७५० चा आकडा ०.०२ च्या वर गेला तर दुरुस्ती करत न बसता पुन्हा सेंट्रिफ्यूज करा.

समजा ५ मायक्रोमोलरच्या जुळ्या नळीत ०.३५० आला आणि मण्यांच्या नळीत ०.१८०. फरक ०.१७०. त्याला सत्तर हजाराने भागलं की २.४३ मायक्रोमोलर, १० मिलीलीटरमध्ये २४.३ नॅनोमोल. २४० चौरस सेंटीमीटरने भागलं की ०.१०१ नॅनोमोल दर चौरस सेंटीमीटर. आडव्या थराच्या हिशेबाने पाऊण भाग जागा भरली. उरलेली संहती २.५७ मायक्रोमोलर. आलेखावर हा एक बिंदू.

संहती वाढवत गेलं की एक अडचण येते. २० मायक्रोमोलरच्या १० मिलीलीटरमध्ये २०० नॅनोमोल असतात आणि १ ग्रॅम मणी त्यातले ३१ च घेऊ शकतात. दोन मोठ्या आकड्यांतला लहान फरक काढायचा म्हटलं की चूक फुगते. मग मणी ३ ग्रॅम करा. उलट १ मायक्रोमोलरला मणी जवळपास सगळा रंग पिऊन टाकतात आणि उरलेलं मोजायला काही राहत नाही, तिथे मणी कमी करा. वीस ते ऐंशी टक्के रंग जाईल असं प्रमाण साधायचं. दाट नमुने विरळ करूनच मोजा.

आलेख

उरलेली संहती आडव्या अक्षावर, पृष्ठभागावरचा रंग उभ्यावर. सुरुवातीला चढ, मग सपाटी. यावर लँगम्युअरचं, म्हणजे पृष्ठभागावर एकच थर बसतो असं धरणारं, समीकरण बसवतात. गंमत म्हणजे लँगम्युअरचा १९१८ चा निबंध काच, अभ्रक आणि प्लॅटिनम यांच्या सपाट पृष्ठभागांवर वायू कसे बसतात यावरच होता. म्हणजे आपण समीकरण त्याच्या माहेरी नेतोय. दोन आकडे मिळतात: पूर्ण थराची क्षमता आणि चिकटण्याचा स्थिरांक.

संहती भागिले अधिशोषण असा सरळ रेषेचा आलेख काढायची जी पद्धत आहे तिच्यावर माझा राग आहे. दोन्ही अक्षांवर संहतीच असल्याने रेषा सुंदर येते, आर-वर्ग (रेषा बिंदूंशी किती जुळते त्याचा आकडा) ०.९९ येतो आणि विद्यार्थी खूश होतो. वक्र तसाच ठेवून स्प्रेडशीटच्या सॉल्व्हरने समीकरण बसवा आणि बिंदू वक्राच्या एकाच बाजूला साचतात का ते पाहा. वेळेच्या आलेखावर छद्म-द्वितीय-कोटीचं वेगाचं समीकरण बसवून 'म्हणून रासायनिक अधिशोषण' असं लिहिणाऱ्यांना तर मी आधी मीठ घालायला सांगते. द्रावणात सोडियम क्लोराइड वाढवलं आणि रंग काचेवरून सुटू लागला, तर तो विद्युतभाराने धरला होता. पीएच ३ ला नेलं आणि अधिशोषण कोसळलं, तर सिलॅनॉलचा हात आहे. मिथिल ऑरेंज घेतला, ४६४ ला मोजला आणि दोन्ही नळ्यांत आकडा सारखाच आला, तर आणखी चांगलं. या तीन साध्या नळ्या कुठल्याही आर-वर्गापेक्षा जास्त सांगतात. मिठाची नळी वाचताना खांदा पाहायला विसरू नका, मीठ मेथिलीन ब्लूच्या जोड्याही वाढवतं. आणि कुठेही नळाचं पाणी नको, त्यातलं कॅल्शियम त्याच जागांसाठी भांडतं.

क्षमता ०.१३ च्या आसपास आली तर आडव्या एका थराचं चित्र जुळतं. दुपटीने आली तर घाईने 'दोन थर' लिहू नका. रेणू कडेवर उभे राहिले तर कमी जागा घेतात. मणी खडबडीत असतील तर खरं क्षेत्रफळ भूमितीच्या हिशेबापेक्षा जास्त असतं. किंवा रेणू पृष्ठभागावर जोडीने बसले असतील. यातलं काय हे एकट्या अधिशोषणाच्या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी काचेवर बसलेल्या रंगाचाच वर्णपट हवा.

काचेवरचा वर्णपट

आता स्लाइडकडे परत जाऊ, पण एकटी नको. काचवाल्याकडून स्लाइडच्या ९ मिलीमीटर रुंद पट्ट्या कापून घ्या. १ सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये अशा सहा पट्ट्या बीमला आडव्या उभ्या राहतात. बारा पृष्ठभाग, म्हणजे पूर्ण थराला सुमारे ०.११. हे वाचता येतं. हवेत प्रत्येक पृष्ठभाग चार टक्के प्रकाश परतवतो, बारा पृष्ठभागांत बराच प्रकाश जातो. क्युवेटमध्ये पाणी भरलं की तोच परावर्तनाचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली येतो आणि आधाररेषा शांत होते.

आधी त्याच पट्ट्या स्वच्छ असताना, त्याच क्रमाने, पाण्यात ठेवून आधाररेषा घ्या. मग पट्ट्या रंगात ठेवा, काढा, पाण्यात एकदा झटकन बुडवा, परत क्युवेटमध्ये लावा, लगेच स्कॅन घ्या. लगेच, कारण रंग पाण्यात सुटू लागतो, आणि सुटलेला रंगही बीमच्या वाटेतच असल्याने एकूण अ‍ॅब्सॉर्बन्स फारसा हलत नाही. फसगत इथेच होते. खात्रीसाठी पाच मिनिटांनी पाणी काढून नवीन पाणी भरा आणि पुन्हा स्कॅन करा. जेवढं कमी झालं तेवढं पाण्यात होतं.

या स्कॅनमध्ये उंचीपेक्षा आकार पाहायचा. द्रावणात निम्मा असलेला खांदा काचेवर वर आला, शिखराच्या बरोबरीला पोचला, तर रेणू एकमेकांवर चळत लावून बसले आहेत. विरळ द्रावणातून बसवलेल्या पट्टीवर खांदा कमी आणि दाट द्रावणातल्या पट्टीवर जास्त असेल, तर जागा भरत जाईल तशा जोड्या वाढतायत. द्रावणात जोड्या नसतानाही काचेवर त्या दिसू शकतात, कारण पृष्ठभागावर रेणू आधीच गर्दीत असतात. काही रंग याउलट उजवीकडे सरकून अरुंद शिखर देतात. जेली आणि शाइबे यांनी १९३६ च्या सुमारास सायनीन रंगांत ते पाहिलं. मेथिलीन ब्लूकडून त्याची अपेक्षा करू नका.

शेवटी जमाखर्च. द्रावण काढून घेतलेल्या मण्यांची नळी वजन करा. १ ग्रॅम मण्यांच्या फटींत पाव मिलीलीटरच्या आसपास द्रावण अडकलेलं असतं, ते वजनावरून काढा आणि त्यातला रंग वेगळा मांडा. मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या अल्कोहोलचे ५ मिलीलीटर घालून हलवा, वरचं द्रावण मोजा. यासाठी मापनरेषा त्याच अल्कोहोलमध्ये नव्याने काढायची. शिखर काही नॅनोमीटर सरकतं, पाण्याचा गुणांक इथे चालत नाही. दुसऱ्यांदा अल्कोहोल घालून निळं काही उतरतं का तेही बघा. मण्यांवरून उतरलेला रंग, वजा फटींतला रंग, हा आकडा आधी वजाबाकीने काढलेल्या आकड्याशी दहा टक्क्यांत जुळला, तर निकाल लिहायला घ्या. उतरलेला रंग कमी भरला तर आधी पहिल्या पिपेटिंगमध्ये मणी वाहून गेले का ते तपासा, मग नळीच्या झाकणाची आतली बाजू पाहा, आणि तरीही हिशेब लागत नसेल तर मण्यांच्या पाण्याचा पीएच काढा. जास्त भरला तर अडकलेल्या द्रावणाचं वजन चुकलं का ते आधी पाहा.